बॉबिनची पाठ

रोवेना हेब्डनचं त्या दिवशीचं काम तसं सोपंच होतं. गेम चालू करायचा, त्याला हात लावायचा नाही, आणि तो मध्येच बंद पडत नाही ना, एवढंच बघत बसायचं. हडर्सफील्ड गावातल्या एका जुन्या कापडगिरणीच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. नोव्हेंबरची दुपार, पण खिडकीबाहेर दिवेलागण झाल्यासारखा अंधार दाटला होता. ओल्या विटांचा वास येत होता.

गेम होता टीव्हीवरच्या बॉबिन कोकराचा, अगदी लहान पोरांसाठी. कोकरू उजवीकडे चालतं, उड्या मारतं, गाजरं गोळा करतं. खड्ड्यात पडलं तर ढग त्याला अलगद वर आणून ठेवतो. कार्यक्रमाच्या मालकांनी बजावलंच होतं, बॉबिन मरणार नाही, रडणार नाही, आणि दमणार तर मुळीच नाही.

दमायला बाकीचे होतेच. कित्येक आठवडे कुणाला धड झोप नव्हती. चित्रं काढणाऱ्या म्हाताऱ्या डेस्मंडच्या मनगटाला पट्टा होता. रोवेनाची मुलगी टॅमसिन आईला विसरून आजीलाच 'मम' म्हणायला लागली होती.

रोवेना चहा घेऊन परतली, तर पडद्यावरचं कोकरू पाठमोरं उभं होतं.

तिनं डोळे चोळले. बटण दाबलं नाही की बॉबिननं हात हलवायचा, हसायचं. हा मात्र मागच्या टेकडीवरच्या घराकडे तोंड करून उभा होता. खांदे पडलेले.

"डेस्मंड, जरा इकडे ये ना. हा पाठ कधीपासून फिरवायला लागला?"

"पाठ? पोरी, जाऊन झोप जरा. पाठ मी काढलेलीच नाही. कुणाला दिसणारच नव्हती, तर कशाला काढू?"

कुरकुरत तो आला, आणि पडद्यावर वाकला.

"रेषा माझ्याच हातच्या आहेत…" तो हळूच म्हणाला. "पण मी नाही काढलं हे."

कोकरू चालायला लागलं. उजवीकडे नाही, डावीकडे नाही. आत. त्या गेमला आत नव्हतंच. मागचं सगळं भिंतीवरच्या कागदासारखं सपाट चित्र होतं. तरी ते लहान लहान होत टेकडी चढलं, रखडत, मान खाली घालून. घराचं दार उघडलं. आतला पिवळा उजेड गवतावर पडला. मग दार लागलं आणि पडदा रिकामा झाला.

रोवेनानं घाईनं उडीचं बटण दाबलं. उडीचा आवाज आला, पण दबलेला… दाराआडून आल्यासारखा. पुन्हा दाबलं. या वेळी आवाजाआधी कण्हल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

"नको," डेस्मंडनं तिचा हात धरला. "राहू दे त्याला."

तेवढ्यात त्यांचा साहेब क्लाइव्ह आला. त्यानं गेम बंद करून पुन्हा चालू केला. बॉबिन टुणकन उडी मारून हसला.

"काय झालंय याला?"

"तो… घरात निघून गेला होता," रोवेना म्हणाली.

"मलाही जायचंय घरी. गेम अडकला का?"

"नाही."

"मग झालं तर! तू हो म्हण, मी आत्ता गेम मालकांकडे पाठवतो."

डेस्मंड तिच्याकडे बघत होता. नाही म्हटलं असतं तर पुन्हा तेच आठवडे, तीच खुर्ची. तिच्या डोळ्यांवर झापड येत होती. टॅमसिनचा वासही ती विसरत चालली होती.

"हो," ती म्हणाली.

डेस्मंडनं मनगटाचा पट्टा सोडला, कोट चढवला आणि निघून गेला. पुन्हा त्यानं कधी पेन्सिल धरली नाही.

गेम बाजारात आला, बरा खपला. एकाही आईबापाची तक्रार नव्हती. उलट पत्रं यायची, 'आमचं कार्टं एवढं शांत कधी बसलं नव्हतं.' रोवेनानं ती सगळी वाचली आणि मनातला काटा हळूहळू बोथट होऊ दिला.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी तिला खुर्चीतच डुलकी लागली. जाग आली तेव्हा टॅमसिन सोफ्यावर गेम मांडीवर घेऊन बसली होती. बोटं बटणांवर नव्हती. डोळे उघडे, पण कुठेतरी लांब लागलेले.

"टॅमी?… टॅमसिन!"

पोरगी दचकली, मग हसली. "शू, मम. ओरडू नकोस. सगळे झोपलेत."

"सगळे कोण?"

"मला टोस्ट हवाय," म्हणत ती उडी मारून स्वयंपाकघरात पळाली. तिची अनवाणी पावलं लाकडी जमिनीवर धपधप वाजली. रोवेनाचा जीव भांड्यात पडला.

तिनं गेम उचलला. बॉबिन नव्हता. टेकडीवरच्या घराच्या खिडक्या बंद होत्या. ती पडद्याजवळ डोळे नेऊन बघू लागली.

दाराबाहेर चिमुकल्या बुटांची रांग लागली होती. दारापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत. लाल, निळे, पिवळे, नीट जोडीनं मांडलेले. फक्त शेवटची, टॅमसिनच्या बुटांसारखी जोडी वेडीवाकडी पडली होती, आणि त्या जोडीतला एक बूट अजून डुलत होता.