गार फोडी, गरम काच

“श्वास आत घे गं चिंगे… अजून… हं, आता हलू नकोस!”

ताईनं एप्रनच्या नाड्या अशा काही खेचल्या, की चिंगीच्या पोटातला सकाळचा नाश्ता गळ्याशी आला, आणि त्याच्या मागोमाग सहा वर्षं गिळून ठेवलेलं ते एक वाक्यही! तिनं दोन्ही परत खाली ढकललं.

आईचा एप्रन होता तो. निळ्या पट्ट्यांचा, खिशावर लोण्याचा कधीच न निघणारा डाग असलेला. आई गेल्यापासून भट्टीच्या खोलीच्या दारामागे खिळ्याला लटकत होता, आणि तो एक दिवस थोरलीच्या अंगावर चढणार हे अख्ख्या घराला, गिऱ्हाइकांना, अगदी दूधवाल्यालासुद्धा ठाऊक होतं. पण आज चिंगीच्या सोळाव्या वाढदिवशी बाबांनी तो काढून ठेवला तो धाकटीच्या हातात… आणि थोरली स्वतःच्या हातांनी तो धाकटीच्या पाठीवर बांधत होती. हसत हसत!

“मारतेस का गं मला?”

“सैल बांधला की पिठात लोळतो, बाई. आई तीन गाठी मारायची. आता भूकंप झाला तरी सुटायचा नाही!” ताईनं तिच्या पाठीत एक चापट मारली. “पळ. पहिल्याच दिवशी उशीर केलास तर बाबा तुलाच लाटून पाव करतील.”

स्वयंपाकघरातून दोन पायऱ्या उतरलं की भट्टीची खोली. दोन्हींच्या मधे लाकडी उंबरा. ताई बडबडत उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथं आपसूक थांबली, दाराला खांदा टेकून. सहा वर्षांत त्या पायांनी उंबरा ओलांडला नव्हता.

आत बाबा पिठाच्या पोत्यावर बसले होते. ओट्यावर नवंकोरं काचेचं भांडं.

“अगदी तसंच मिळालं बघ,” ते म्हणाले. “आज पीच कॉब्लर कर, लोण्या-पिठात पीचच्या फोडी भाजून. तुझ्या आईनं मला पहिल्यांदा तेच करून घातलं होतं. सोपं आहे, कुणालाही जमतं. आणि तिला सांग, दुकानाचं दार लोटून घे म्हणावं.”

‘तिला’ म्हणजे तीन पावलांवर उभ्या असलेल्या ताईला! बाबा ताईशी थेट बोलायचे नाहीत. मधे चिंगी नावाचं पोस्ट ऑफिस होतं.

“ऐकलं मी,” ताई म्हणाली आणि दार लोटून परत जागेवर येऊन उभी राहिली.

चिंगीनं भांड्यात लोणी घातलं, भांडं ओव्हनमध्ये ठेवलं. आणि त्या वितळत्या लोण्याच्या वासाबरोबर ती दुपार, जी तिला रोज आठवायची, आज सगळीच्या सगळी समोर येऊन उभी राहिली…

आई जाऊन सहा महिने झाले होते. चिंगी दहा वर्षांची, ताई सतराची. पिठावर नुसतं बोट टेकवून ‘अजून पाच मिनिटं’ म्हणणारी, आणि ती पाच मिनिटं खरोखर पाचच निघणारी ताई! तिनं त्या दिवशी आईच्या भांड्यात लोणी वितळायला ठेवलं होतं. दुकानाची घंटा वाजली. “आलेच हं. कशाला हात लावू नकोस,” म्हणून ती गेली. पण चिंगीला मदत करायची होती ना! तिनं फ्रिजमधून पीचच्या फोडींचा बर्फासारखा गार वाडगा काढला, स्टुलावर चढली, ओव्हनचं दार उघडलं आणि अख्खा वाडगा त्या तापलेल्या काचेत रिकामा केला.

टण्ण!

भांडं दुभंगलं. लोणी जाळावर सांडलं, भपकन ज्वाळा, धूर, आणि काचा उडाल्या त्या शाळेच्या ऑर्डरसाठी फुगत ठेवलेल्या दोनशे बनांमध्ये. ताई धावत आली. तिनं चिंगीला पाठीमागं लोटलं आणि तिच्या हातातला वाडगा स्वतःच्या हातात घेतला. बाबा आत शिरले तेव्हा त्यांना तो वाडगा दिसला… ताईच्या हातात.

“माझ्या हातून झालं, बाबा.”

“तुझ्या आईचं भांडं होतं ते!” बाबांचा तो आर्त आवाज चिंगी जन्मात विसरणार नव्हती. “या उंबऱ्याच्या आत पुन्हा पाऊल टाकू नकोस!”

आणि ताईच्या पाठीमागं, तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरून, चिंगी गप्प उभी राहिली होती. पहिल्या दिवशी ती भीतीनं गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी, काल गप्प राहिल्याच्या लाजेनं. मग महिना गेला, वर्ष गेलं, आणि ते न बोललेलं तिच्या आत झाकून ठेवलेल्या पिठासारखं फुगत राहिलं… ताई समोरच्या लाँड्रीत इस्त्री करायला लागली. संध्याकाळी घरी यायची ती वाफेचा आणि खळीचा वास घेऊन, बोटांवर नवा चटका घेऊन, आणि चप्पल काढता काढताच विचारायची, “आजचे बन कसे फुगले गं?” बस्स, एवढंच! त्यापेक्षा तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर चिंगीला बरं वाटलं असतं.

“अगं ए, तंद्री लागली का?” दारातून ताईचा आवाज आला. “फोडी आधी बाहेर काढून ठेव. गार फोडी गरम काचेत घालायच्या नसतात. आई दर वेळी सांगायची.”

चिंगीनं फ्रिजमधून वाडगा काढून ओट्यावर ठेवला.

बाबांनी मान वर केली. त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली.

“तिला विचार,” ते सावकाश म्हणाले, “एवढं पक्कं ठाऊक होतं, तर तेव्हा घातल्या कशाला?”

ताई नखानं चौकटीचा रंग खरवडू लागली.

“विसरले असेन.”

“असेन म्हणजे?” बाबा पोत्यावरून उठले. चिंगीला विसरून ते पहिल्यांदाच थेट ताईकडे बघत होते. “पिठातलं चिमूटभर मीठ तू कधी विसरली नाहीस…”

“जाऊ द्या ना बाबा! आज तिचा वाढदिवस आहे. चिंगे, पीठ कालव बघू.”

पुन्हा! पुन्हा ताई मधे येऊन उभी राहिली होती, पुन्हा वाडगा आपल्या हातात घेत होती! आणि चिंगीनं नुसतं पीठ कालवायला घेतलं असतं तर एप्रनही तिचा, भट्टीही तिची, बाबांचं कौतुकही तिचंच… पण एप्रनचा तो खिसा तिच्या काळजावर धोंड्यासारखा पडला होता.

“मी घातल्या!” ती किंचाळलीच. “बाबा, मी! ताई दुकानात होती. स्टुलावर चढून मी घातल्या, वाडगा माझ्या हातात होता, तिनं काढून घेतला… आणि मी बोलले नाही! सहा वर्षं रोज तिच्या हातचा डबा नेला शाळेत, आणि बोलले नाही! मला नको हा एप्रन, हा तिचा आहे!”

ती नाड्या ओढू लागली. पण ताईच्या तीन गाठी त्या! हात मागं वळवून, नखं खुपसून, हुंदके देत ती ओढत राहिली आणि गाठ आणखीच आवळत गेली.

बाबा पांढरेफटक पडले होते. “का गं?” त्यांनी दाराकडे बघत विचारलं. “का नाही सांगितलंस?”

“ती दहा वर्षांची होती, बाबा. आई गेल्यापासून झोपेत दचकून रडायची. तुम्ही तिला काही बोलला असता तर ती मोडली असती.” ताईचा आवाज चिरकला. “आणि खरं सांगू? मला वाटलं, चार दिवसांत राग जाईल तुमचा. चार दिवसांत हाक माराल…”

तेवढ्यात ताईचं नाक वर झालं.

“लोणी!” ती ओरडली. “लोणी करपतंय!”

ती पुढं झेपावली… आणि उंबऱ्याशी थबकली. चवड्यांवर, हात पुढं केलेले, पण पाय जागचे हलेनात. चिंगी गाठीशी झटत रडत होती आणि ओव्हनमधून करपट वास येत होता.

“ये ना पोरी,” बाबा म्हणाले. मधे कुणी नाही. थेट. “आत ये. मला पावापलीकडचं कुठं कळतंय.”

ताई आत आली! एका ढांगेत उंबरा, दुसरीत ओव्हन, फडकं घेऊन भांडं बाहेर काढून तिनं ते लाकडी फळीवर ठेवलं, वाकून वास घेतला आणि म्हणाली, “वाचलं.” मग वाडग्यातल्या फोडीवर बोट टेकवलं. “अजून गार आहेत. थांबू या. भांडंही जरा निवू दे.”

मग तिघं थांबले. फोडींचा गारवा जायची वाट बघत, एका ओळीत, ओट्याला टेकून. बाबा मधेच म्हणाले, “मी एकदाही विचारलं नाही गं, कसं फुटलं ते… एकदाही नाही,” आणि त्यांनी चष्मा काढून पुसला, परत पुसला. एका शब्दात माफ करण्याजोगं ते नव्हतंच, आणि चिंगीला ते कळत होतं. ताई फक्त तिच्या मागं जाऊन गाठ सोडवत बसली.

“कुणी बांधली गं ही इतकी घट्ट?”

“तूच!” चिंगी हुंदक्यातून म्हणाली. “ताई, तुझी ती वर्षं मी कुठून आणू?”

“आणू नकोस. पहाटे माझ्याआधी उठून भट्टी पेटव, आणि महिनाभर भांडी घास… महिनाभर कशाला, वर्षभर! आणि रड हवं तेवढं, पण फोडींवर नको. खारट होतील.”

गाठ सुटली. बाबांनी एप्रन उचलून ताईच्या गळ्यात घातला. नाड्या बांधताना त्यांची बोटं चुकत होती. ताईनं पीठ कालवून लोण्यावर ओतलं, पुन्हा एकदा फोडीवर बोट टेकवलं, आणि वाडगा उचलून चिंगीच्या हातात दिला.

“घाल.”

“मी?… नको, ताई! तू घाल.”

“तूच. आणि ढवळायचं नाही.”

चिंगीनं वाडगा तिरपा केला. पहिली फोड ओट्यावरच पडली. दुसरी भांड्यात गेली, तिसरी गेली… तिघांनीही श्वास रोखून धरले होते, कान काचेकडे लावून.

काच गप्प राहिली.

ताईनं ओट्यावर पडलेली फोड उचलली, अर्धी बाबांच्या हातावर ठेवली, अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली आणि ओव्हनचं दार लावून म्हणाली, “पाऊण तास.”