फडक्यावरची चार चाकं

टायरच्या दुकानात प्रेम जमतं असं कुणी सांगितलं तर विश्वास बसायचा नाही. तिथे असतं काय? काळे हात, रबराचा वास आणि हवेच्या यंत्राची फुसफुस. पण तो आला तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस होता. त्याच्या छोट्या ट्रकमध्ये लिंबाची रोपं भिजत उभी होती आणि रोपांच्या मधे चार नवी चाकं कोंबलेली होती.

"ही चाकं चढवायची आहेत. टायर बसवणारे कुठे गेलेत?"

"बसवणारे नाहीत, बसवणारी आहे," ती हात पुसत म्हणाली. "बोला."

तो ओशाळला. चष्म्यावरचं पाणी त्याने ओल्या शर्टाला पुसलं, त्यामुळे त्याला आणखीच कमी दिसायला लागलं. तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं.

दाराजवळच्या खुर्चीत बाबा बसले होते. पाठीने दगा दिल्यापासून त्यांनी दुकान लेकीवर सोपवलं होतं आणि स्वतःकडे फक्त देखरेख ठेवली होती. मागच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती : 'काम असं करावं की गिऱ्हाईक परत येऊ नये.' लोक वाचून हसायचे. बाबा मात्र हसायचे नाहीत. परत आला म्हणजे आपलं काहीतरी चुकलं, असा त्यांचा सरळ हिशोब होता. चार वर्षांत तिच्या हातचं एकही काम परत आलं नव्हतं, आणि या गोष्टीचा तिला थोडा तोराच होता म्हणा ना.

जुनी चाकं उतरवून तिने टायर सोडवले आणि प्रत्येकातून बोटाएवढा सेन्सर अलगद काढला.

"हे हवा मोजतात. हेच नव्या चाकांत बसवते."

"नव्या चाकांना नवे लागत नाहीत?"

"कशाला? धडधाकट आहेत, बॅटरी अजून काही वर्षं जाईल. खालचं रबर तेवढं बदलायचं." तिने पहिला सेन्सर पुसला. "घर बदललं म्हणून माणसं बदलतं का कुणी?"

"चांगली माणसं असली तर... नाही बदलत," तो म्हणाला, आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

टेबलावर एक फडकं पसरून तिने चारही सेन्सर त्यावर मांडले. वर पुढचे दोन, खाली मागचे दोन, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. ट्रकच्या स्क्रीनला कोण कुठे बसतो ते पाठ असतं, म्हणून ज्याला त्याला आपापल्या जागी परत जावं लागतं. मग ती यंत्राकडे वळली. बाबांनी दिलेला चहा घेऊन तो टेबलाच्या पलीकडे बसला आणि बोलत राहिला. नर्सरीतली रोपं नेताना तो त्यांच्याशी गप्पा मारतो म्हणे, नाहीतर वाटेत ती रुसतात.

"आणि ट्रकशी?"

"ट्रकला आता तुम्ही आहात की."

काम उरकल्यावर ती हातातल्या यंत्राने एकेका चाकाची ओळख स्क्रीनशी पडताळायची. हा तिचा नेम होता. पण नेमकं तेव्हाच त्याने विचारलं, "तुम्हाला कुठलं झाड आवडतं?" आणि काय उत्तर द्यावं या विचारात बाईसाहेब यंत्र हातात घ्यायचंच विसरल्या.

चौथ्या दिवशी तो परत आला.

"दिवा लागलाय. पुढच्या डाव्या चाकात हवा कमी दाखवतोय."

बाबांनी मान वर केली. तिचा चेहरा पडला. तिने हवा मोजली, ती अगदी बरोबर निघाली. आठवड्याने तो पुन्हा आला, तेच चाक, तीच तक्रार. तिने ते उघडलं, सेन्सर पुसला, पुन्हा बसवला. 'जुनेच चालतील' असं आपणच ठामपणे सांगितलं होतं, या विचाराने ती कानकोंडी झाली होती. तरीही खरं सांगायचं तर ट्रकचा आवाज ओळखायला ती शिकली होती, आणि तो ऐकला की तिचा हात आधी केसांकडे जायचा.

तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "सोमवारी निघतोय. डोंगरात नवी बाग लावायचीय, तीन महिने तरी तिकडेच."

उगाच काहीतरी करायचं म्हणून तिने बाकीच्या तीन चाकांचीही हवा मोजली. मागच्या उजव्या चाकात हवा कमी होती आणि रबरात बारीकसा खिळा रुतला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! सेन्सरची तिरपी अदलाबदल झाली होती. स्क्रीन पुढच्या डाव्याचं नाव घेऊन मागच्या उजव्याचं दुखणं सांगत होती. आता गप्प बसलं तर तो दर आठवड्याला येईल, डोंगरातूनही येईल. पण भरल्या ट्रकने घाट चढणाऱ्या माणसाला खोटं सांगणारी स्क्रीन? छे. आणि नीट करून दिलं तर पाटीवर लिहिलंय तेच होणार. तो परत येणार नाही.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "चूक माझी आहे. सेन्सर उलटसुलट बसलेत, आणि मी पडताळून पाहिलं नाही."

बाबा काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "चूक माझी आहे. त्या दिवशी फडकं मी फिरवलं. मला माझ्या बाजूने बघायचं होतं..."

"तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्या आठवड्यात कळलं. मग रोज सकाळी पायपंपाने मागच्या चाकात हवा भरायचो." त्याने मान खाली घातली. "सांगितलं असतं तर इथे यायला निमित्त उरलं नसतं."

तिला राग आला, आणि रागापेक्षा आनंद झाला, आणि दोन्ही एकाच चेहऱ्यावर मावेनात. तिने पाठ फिरवली, खिळा काढला, पंक्चर बुजवलं आणि यंत्र घेऊन चारही चाकांची ओळख नव्याने करून दिली.

"आता काही बिघडणार नाही," ती हळूच म्हणाली.

"तेच तर..." तो म्हणाला आणि निघून गेला.

तीन महिने तो आला नाही. काम नीट झालं होतं ना. ती पाटीकडे बघायचं टाळायची. मग एका दुपारी तोच आवाज दारात थांबला, आणि तिचा हात केसांकडे गेला.

"काय बिघडलं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. सगळं झकास चाललंय." त्याच्या हातात लिंबाचं एक रोप होतं. "त्या दिवशी झाडाचं उत्तर राहिलं होतं. म्हणून मीच निवडलं. हिला भेटायला आलोय, बाबा. निमित्त काहीच नाही."

बाबांनी एकदा भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं.

"ती पाटी गिऱ्हाइकांसाठी आहे," ते म्हणाले, आणि आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "घरच्या माणसांना लागू नाही."