अंबिलीचा आवाज

तिरुवनंतपुरमच्या त्या स्टुडिओत अंबिलीला जायचं होतं वरच्या मजल्यावर, पोस्टरचे फोटो बघायला. चुकून तिनं ढकललं ते तळमजल्याचं जाड दार. आत अंधार... आणि पडद्यावर ती स्वतःच रडत होती.

"दार लावा आधी," यंत्रापाशी बसलेला माणूस मागे न बघताच म्हणाला.

"काय चाललंय इथे?"

"हिचा आवाज पुसतोय."

"का? वाईट आहे?"

"वाईट असता तर एका दमात पुसला असता. चांगला आहे, म्हणून हात चालत नाही—" तो वळला आणि खुर्चीतून ताडकन उठला. "मॅडम... तुम्ही!"

अंबिलीचे नऊ चित्रपट झाले होते आणि नऊही वेळा तिच्या तोंडी दुसऱ्याच बाईचा नाजूक, गोड आवाज बसवला होता. तिचा स्वतःचा आवाज घोगरा, त्यात तिच्या गावाकडचा, कासरगोडचा हेल. नायिकेला तो शोभत नाही, असं सगळ्यांचंच मत. प्रत्येक चित्रपटानंतर आई फोनवर विचारायची, "दिसलीस छान गं. पण बोलत होती ती कोण?"

"नऊही चित्रपट मी तुमच्या आवाजात ऐकलेत," ध्वनिमुद्रक सजीवन खाली बघत म्हणाला. "बहुतेक मी एकट्यानंच."

त्या रात्री अंबिलीला झोप लागली नाही.

मग ती अधूनमधून त्या तळमजल्यावर जाऊ लागली. काळा चहा यायचा, केळ्याची गरम भजी, म्हणजे पळंपोरी, यायची.

"सजीवेट्टा," आता ती त्याला आदरानं असंच म्हणायची, "आज काय पुसलंत?"

"आज काही नाही. आज तुम्ही भांडा, मी ऐकतो."

"भांडायला कारण लागतं."

"मग ही शेवटची पळंपोरी मी खातो."

"हात तर लावून बघा!"

दहाव्या चित्रपटाच्या वेळी तिनं निर्मात्याला सांगितलं, "या वेळी मीच बोलणार." तो हसला. आठवड्याभरात भूमिका दुसरीला गेली. मग चौदा महिने कामासाठी तिचा फोन वाजला नाही.

भूमिका गेल्यापासूनच सजीवन तिला टाळू लागला. एकदा तिनं त्याला स्टुडिओच्या जिन्यावरच गाठलं.

"माझ्यामुळे झालं हे," तो म्हणाला. "मी गप्प बसलो असतो तर—"

"तर मी अजून मुकीच असते. दोष घ्यायचाच असेल ना, तर तीन आठवडे तोंड दाखवलं नाहीत, त्याचा घ्या."

तो खाली मान घालून निघून गेला.

चौदा महिने सरल्यावर एका मालिकेचं बोलावणं आलं. भूमिका आलप्पुळच्या होडीवर तिकिटं फाडणाऱ्या विधवेची. ना दागिने, ना गाणी. दिग्दर्शिका रोसम्मा म्हणाली, "आवाज शूटिंगच्या जागेवरच घेणार. तुझाच. आणि तो सजीवन आहे ना, त्यानं स्वतः येऊन हे काम मागून घेतलंय. थंड खोली सोडून उन्हात उभा राहणार म्हणे. काय झालंय गं त्याला?"

शूटिंगच्या पहिल्या दिवशी, होडीच्या धक्क्यावर, सजीवननं तिच्या पदराला इवलासा माइक लावला. मग तो धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कानांवर हेडफोन चढवून उभा राहिला. मध्ये पन्नास माणसं, दिवे, दोऱ्या, आरडाओरडा.

अंबिलीनं मान खाली घातली. ओठ जेमतेम हलले.

"सजीवेट्टा... ऐकू येतंय ना? मला तुमच्याशी लग्न करायचंय. नको असेल तर हेडफोन काढून ठेवा. मी समजेन."

त्यानं हेडफोन काढले.

पण तो चालत येत होता... माणसं बाजूला सारत, वायरी ओलांडत, थेट तिच्यासमोर.

"माइक नीट करतोय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मग अगदी हलक्या आवाजात, "रविवारी कासरगोडला जाऊ. आईंना भेटायला."

"हळू बोला," ती डोळे पुसत म्हणाली. "माइक चालू आहे."

"असू दे की. ऐकणारा इथेच उभा आहे."