तीन मोजेपर्यंत

मुलीने डावा हात मांडीवर, ओढणीखाली ठेवला होता. नानांनी चहा पुढे केला, तेव्हा तिने आधी पिशवी खाली ठेवली आणि मग उजव्या हाताने कप घेतला.

"बाबा म्हणतात, माझं लक्ष नव्हतं," ती म्हणाली. "भाऊही तेच म्हणतो. चार महिने ऐकून ऐकून आता मलाही तसंच वाटायला लागलंय."

समोर बसलेल्या बाईंनी तीस वर्षं कारखान्यांची तपासणी केली होती. निवृत्तीनंतर लोक त्यांच्याकडे खाजगी भानगडी घेऊन येत. त्यांचे धाकटे भाऊ नाना वही घेऊन सोबत असायचे. वहीत सगळं असायचं, पण नानांच्या डोक्यात प्रकाश जरा उशिराच पडायचा.

"काय झालं ते सांग. जसं झालं तसं."

"आमचा तसबिरींच्या चौकटींचा कारखाना आहे. मायटर सॉवर, म्हणजे कोनात कापणाऱ्या करवतीच्या मशीनवर, पट्ट्या जास्त करून मीच कापायचे, अकरा वर्षं. त्या दिवशी बाबा मशीनवर होते. म्हणाले, कोन लावून ठेवलाय, काही हलवू नकोस, एवढी रुंद पट्टी काप. मी कानावर आवाज अडवणारं झाकण चढवलं. नजर रेघेवर ठेवून पट्टी कापली, बटण सोडलं, मशीनचं डोकं खालीच धरून तीन मोजले. तीनमध्ये ब्लेड थांबतं. मग ते वर घेत पट्टी ओढली." तिने कप खाली ठेवला. "ब्लेड उघडं दिसलं. त्याला झाकणारा गार्ड खाली आलाच नव्हता. नंतरचं आठवत नाही. दोन बोटं गेली."

"आत्ताच का आलीस?"

"दुसऱ्या एका कारखान्याने कापायला बोलावलंय. चूक माझी असेल तर मी पुन्हा मशीनला हात लावणार नाही. नसेल तर मला कळू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आणि नाना कारखान्यात गेले. पुढे कापण्याची खोली, भिंतीपलीकडे पॉलिशची. कोपऱ्यात कापलेल्या तुकड्यांचा ढीग होता. काही तुकड्यांवर पेन्सिलची केसासारखी बारीक रेघ होती, तर काहींवर काळ्या मार्करचा बोटभर जाड पट्टा. बाईंनी दोन्ही प्रकारचे तुकडे उचलून पाहिले.

मिस्त्री, म्हणजे मुलीचे वडील आणि कारखान्याचे मालक, स्टुलावर बसले होते. बाईंनी त्यांना आपलं कार्ड दिलं, पण कोरी बाजू वर करून. ताई घाईत आहे, असं नानांना वाटलं. मिस्त्रींनी कार्ड क्षणभर न्याहाळलं, "बरं, बरं," म्हणून मान डोलावली आणि खिशात टाकलं.

"मशीनची निगा कोण राखतं?"

"मीच. दर शनिवारी. दुसऱ्याला हात लावू देत नाही."

"अपघातानंतर उघडली होती?"

"कशाला उघडू? मशीनमध्ये खोट नव्हती, पोरीत होती. ती पडली आणि मी लगेच हाक मारली."

बाईंनी आधी प्लग काढला, मगच मशीनजवळ वाकल्या. गार्ड हाताने वर सरकवला आणि सोडला. तो सुळकन खाली आला आणि ब्लेडवर बसला.

"उत्तम चालतोय," नाना म्हणाले.

"कडेला बघ."

गार्डच्या प्लास्टिकवर एक बारीक खाच पडली होती. वर, मशीनच्या मानेवर, रंग घासून पातळ चकचकीत रेघ उमटली होती. बाईंनी गार्ड पुन्हा वर नेला, तेव्हा खाच आणि रेघ समोरासमोर आल्या. मग त्यांनी मोटरीच्या बाजूच्या दोन टोप्या फिरवून मोटरीला वीज पोचवणारे, वापराने झिजणारे कार्बनचे तुकडे बाहेर काढले. दोन्ही नवे कोरे, पूर्ण लांबीचे होते. नानांनी वहीत लिहून घेतलं.

पलीकडे पॉलिशच्या खोलीत भेटलेल्या मुलीच्या भावाचा चेहरा उतरलेला होता. "त्या दिवशी सकाळी मी थोड्या पट्ट्या कापल्या. गार्ड ठीक होता. मग बाबा बसले, मग ती. अपघात झाला तेव्हा मी पॉलिशवाल्या काकांसमोर चौकट धरून उभा होतो. बाबांची हाक आली, आम्ही दोघं धावलो. ती खाली पडलेली, गार्ड बंद. म्हणून वाटलं, हिनेच हाताने वर केला असणार." एप्रनला हात पुसत तो म्हणाला, "आता कापायला मला बसवलंय. मला ते जमत नाही."

पॉलिशवाल्याने ब्रश डब्यात ठेवला. "मालकांचा मुलगा इथेच होता. गार्ड बंदच होता, मीही पाहिला. मशीनची घरघर मात्र त्या दिवशी लांबली. एरवी पटकन थांबते. ती थांबल्यावर मी या चौकटीच्या चारी बाजूंना एक हात दिला, तेव्हा कुठे मालकांची हाक आली."

बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "मला तर भावाचाच संशय येतो. बहीण बाजूला झाली आणि गादी याला मिळाली."

"तो त्या गादीवर रडतोय, नाना. संध्याकाळी सगळ्यांना बोलाव."

संध्याकाळी चौघं मशीनभोवती जमले. बाई उभ्याच होत्या.

"तुझं तीन मोजणं बरोबर होतं," त्या मुलीला म्हणाल्या. "कार्बन झिजले की मोटरीचा ब्रेक नीट लागत नाही. ब्लेड फिरत राहतं. घरघर लांबली ती त्यामुळेच. तुझ्या कानावर झाकण होतं, तुला ती ऐकू आली नाही. नंतर कुणीतरी गुपचूप नवे कार्बन बसवले. मशीन उघडलीच नाही असं सांगणारा आणि दुसऱ्याला हात लावू न देणारा माणूस एकच आहे."

बाईंनी गार्डवर बोट ठेवलं.

"आता गार्ड. तो तारेने वर बांधलेला होता. तारेने घासून पडलेली ही खाच आणि रेघ एका दिवसात पडत नाहीत, म्हणजे हे पुन्हा पुन्हा होत होतं. तुला ब्लेड उघडं दिसलं, आणि हे दोघं आले तेव्हा गार्ड बंद होता. मधल्या वेळात तार कुणीतरी सोडली. हे दोघं भिंतीपलीकडे एकमेकांसमोर होते. तू बेशुद्ध होतीस. उरलं कोण?"

"पण का?" भावाने विचारलं.

"गार्डमधून पट्टीवरची रेघ दिसत नाही म्हणून. पेन्सिलची दिसेना, तेव्हा मार्कर आला. मार्करही दिसेना, तेव्हा गार्ड बांधला. झिजलेले कार्बन तर दिसायचा प्रश्नच नव्हता. मिस्त्री, सकाळी तुम्ही माझं कार्ड वाचलंत. त्या बाजूला काहीच छापलेलं नव्हतं."

नानांची पेन्सिल वहीवर थांबली.

"डोळे गेले म्हटल्यावर मिस्त्रीला कोण विचारतं?" मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाले. "त्या दिवशी तार सोडायची राहिली. विसरलो."

"विसरलात, तिथपर्यंत तो अपघात होता," बाई म्हणाल्या. "पुढचा एक चौकटभर वेळ मात्र तुम्ही विसरला नव्हता."

मुलगी वडिलांसमोर आली. पहिल्यांदाच तिचा डावा हात उघडा होता.

"मी खाली पडले होते, बाबा. तुम्हाला दिसत होतं का?"



"रक्त लाल असतं," ते म्हणाले. "तेवढं दिसत होतं. बोटं गेलीच होती, ती काही परत येणार नव्हती. तार कुणी पाहिली असती तर कारखाना गेला असता."

"आणि चार महिने मला म्हणालात, माझं लक्ष नव्हतं."

"कुणाला तरी म्हणावंच लागणार होतं."

ती रडली नाही. बाईंना तिने वाकून नमस्कार केला, नानांना मान लववली आणि पायऱ्या उतरून गेली. भावाने एप्रन सोडला, घडी न घालताच मशीनवर टाकला आणि तिला हाका मारत मागे धावला. पॉलिशवाला आपले ब्रश फडक्यात गुंडाळू लागला.

मिस्त्रींनी ब्रशांच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. त्यांच्या स्वरात आता खरोखरची काळजी होती.

"अरे, मग उद्याच्या पट्ट्या कापणार कोण?"

पॉलिशवाल्याने डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि त्यांच्याकडे न बघता तोही बाहेर पडला.