ऐंशी अंशांवरची पेटी

ग्वाल्हेरच्या दाल बाजारात त्या सकाळी मिरच्यांची पोती उतरत होती आणि अख्खी गल्ली शिंकत होती. मल्हाररावांचं ऐकाल तर महाराज बाड्याच्या चौकातलं घड्याळसुद्धा दोनदा शिंकलं आणि तेवढं मागे पडलं. मल्हारराव संस्थानच्या रिसाल्यातले. रिसाला मोडला, घोडे गेले, मिशा तेवढ्या राहिल्या. आता ते भालचंद्रपंतांच्या माडीवर बसत. पंत लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून देत. मल्हारराव त्यांना धीर देत.

जिना चढून गोपाळकृष्ण मास्तर आले. शहराच्या लष्कर भागातल्या एका मराठी प्राथमिक शाळेचे हेडमास्तर. ते शिंकलेसुद्धा नाहीत, इतके दुःखी होते.

"पंत, शाळेची चांदीची कंपासपेटी गेली."

"कुठून?"

"जमिनीतून. मीच पुरली होती."

मल्हाररावांचा मिशीवरचा हात तिथेच थांबला.

छप्पन सालचा नोव्हेंबर होता. मध्यभारत मिटून नवं राज्य झालं होतं, राजधानी भोपाळला गेली होती आणि तिच्यामागून ग्वाल्हेरची कपाटं, खुर्च्या, टाइपरायटर निघाले होते. भूमितीत पहिला येईल त्याच्या बाकावर ही पेटी वर्षभर मिरवायची. तीही जाईल या धास्तीनं मास्तरांनी दसऱ्याच्या सुट्टीत ती मैदानात पुरली.

"आता शिक्षणखात्याचे तपासणीचे साहेब म्हणतात, पेटी शाळेतच ठेवा, फक्त तपासणीत दाखवा. दिवाळीची सुट्टी संपून उद्या शाळा उघडतेय, उद्याच तपासणी. काल खणलं तर काही नाही! माती अशी घट्ट, की कुदळ उसळत होती."

"जागा नक्की तीच?"

"अहो, भूमिती शिकवतो मी! ओसरीच्या पायरीलगत झेंड्याचा खांब आहे. ओसरीकडे पाठ करून खांबाशी फळ्याचा मोठा लाकडी कोनमापक ठेवला, सरळ कड पायरीला लावून. ऐंशी अंशांवर विहिरीचा दोर ताणला. दोर संपला तिथं पेटी. काल अगदी तसंच मोजलं. पुरताना जागा जराशी डावीकडे, लिंबाच्या झाडाच्या बाजूला होती असं वाटतं खरं. पण मुलांना मी जन्मभर हेच शिकवलं, डोळे फसवतात, कोनमापक फसवत नाही."

"आणखी कुणाला ठाऊक?"

"दोराचं टोक धरायला दौलतसिंह शिपाई होता." मास्तरांचा आवाज खाली आला. "साहेब म्हणतात, पेटी नसेल तर नाव द्या. ज्याचं नाव जाईल त्याला नव्या राज्याच्या नोकरीत घेणार नाहीत. माझ्यापाशी नाव एकच आहे, पंत, आणि तेच मला देववत नाही."

पंतांनी टोपी उचलली.

शाळेचं मैदान तव्यासारखं सपाट होतं. नव्या राज्याच्या समारंभासाठी त्यावर रोलर फिरला होता. मधोमध मास्तरांचा खड्डा आणि त्याच्याभोवती उथळ खड्ड्यांची पिल्लावळ.

पहिलीच्या बाई इंदुताई ओसरीवर भेटल्या. "मी कुणावर आळ घेत नाही हो. पण आज सकाळी आले तर दौलतसिंह मैदानात कुदळ घेऊन! मला बघून कुदळ पाठीमागे लपवली. कुदळ कधी पाठीमागे लपते का?"

"विहिरीचा दोर बदललात मध्ये?"

"कुठला बदलणार! अर्ज देऊन थकलो. त्याच दोरानं पाणी ओढतोय."

दौलतसिंहाच्या नखांत माती होती. मल्हाररावांनी पंतांना कोपर मारलं.

"हो जी, मी खणलं," दौलतसिंह म्हणाला. "मास्तरसाहेबांच्या खड्ड्याच्या आजूबाजूला. थोडं इकडं-तिकडं झालं असेल म्हटलं. मिळाली असती तर साहेबांचीही काळजी मिटली असती और मेरी भी."

"पुरताना तू होतास ना? जागा पाहिली नाहीस?"

"मास्तरसाहेबांनी मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं होतं, जागा दिसू नये म्हणून." त्यानं हातांची माती झटकली. "मी म्हटलं, ठीक है. मुडून नाही बघितलं."

"नखंच बोलतायत की!" मल्हारराव पंतांच्या कानाशी म्हणाले.

"तुमच्यापेक्षा हळू बोलतायत," पंत म्हणाले.

दाराशी रमाकांत रंगारी शाळेची पाटी नव्यानं रंगवत होता. खडूच्या आखणीत 'मध्यप्रदेश' होतं. त्यातलं 'प्रदेश' रंगून चमकत होतं, 'मध्य' अजून खडूतच होतं. त्यानं ब्रश ठेवून पान पुढे केलं.

"डाव्या हातानं पान?" मल्हारराव कडाडले. "रिसाल्यात असं पान घोड्यानंसुद्धा घेतलं नसतं!"

"माफ करा जी. माझा सगळा कारभार डाव्याच हाताचा. ब्रशसुद्धा."

पंतांनी पान तोंडात टाकलं. "ओसरीत खिळ्याला टांगलेला तो कोनमापक तूच रंगवलास?"

"हो जी, समारंभाच्या आधी. जुने आकडे पार झिजले होते. खरवडून काढले आणि शून्यापासून एकशेऐंशीपर्यंत नवे टाकले. एक नंबर झालाय ना?"

"एक नंबर," पंत म्हणाले. "मास्तरांना बोलवा. सगळेच खांबापाशी या."

सगळे जमले. दौलतसिंह दोन हात लांब उभा राहिला.

"मल्हारराव, जागा ठाऊक असलेला चोर किती खड्डे खणेल?"

"एकच."

"आणि दौलतसिंहानं?"

मल्हाररावांनी मैदानाकडे पाहिलं. "चाळणी केलीय की हो."

"म्हणजे त्याला जागा ठाऊक नाही. आता मास्तरांचा खड्डा. तिथली माती दगडासारखी होती. महिन्याभरापूर्वी जिथं कुदळ पडली, तिथं रोलरनं वरची कातडी दबेल, पोट भुसभुशीतच राहील. म्हणजे त्या जागेवर पेटी कधी नव्हतीच."

"पण मी मोजलं!" मास्तर ओरडले.

"दोर तोच आहे, इंदुताईंनी सांगितलं. खांब चालत नाही. उरला कोन." पंतांनी कोनमापक मास्तरांच्या हातात दिला. "शून्य दाखवा."

मास्तरांनी चष्मा पुसला. "हे काय, डावीकडे... अरेच्चा! हे तर उजवीकडे, फाटकाच्या बाजूला!"

"रमाकांत डावखुरा. डावीकडून लिहीत गेला तर त्याचाच हात ओल्या रंगावरून फिरेल. म्हणून तो उजवीकडून सुरू करतो. पाटी बघा, 'प्रदेश' आधी झालाय, 'मध्य' व्हायचाय. आकड्यांचंही तेच झालं. तुमचं जुनं शून्य लिंबाकडे होतं, ते फाटकाकडे गेलं. पेटी तीस अंशांवर पुरली असती तर चूक काल मोजतानाच कळली असती. पण तुमचे जुने ऐंशी म्हणजे आताचे शंभर, आणि ऐंशी आणि शंभर हे नव्वदाचे दोन शेजारी. खांबापाशी फरक चिमूटभर, दोराच्या टोकाशी दोन बैलगाड्यांचा."

"म्हणजे चोर मी झालो का जी?" रमाकांत घाबरला.

"चोर कुणीच नाही. मास्तरांचे डोळे खरं सांगत होते, लिंबाकडे म्हणून. त्यांनी कोनमापकाचं ऐकलं."

मास्तर पायरीशी वाकले. मग त्यांनी कोनमापक खांबाशी ठेवला आणि बोट शंभरावर टेकवलं. विहिरीचा दोर आला. त्याचं टोक घेऊन दौलतसिंह सवयीनं भिंतीकडे वळला.

"दौलत," मास्तर म्हणाले, "भिंतीकडं नको. इकडं बघ, माझ्याकडं."

तो वळला. मास्तर दोर ताणत मैदानात चालत गेले आणि जिथं तो संपला तिथं स्वतः कुदळ घेऊन वाकले. माती मऊ होती. तिसऱ्या घावाला कुदळ टणकन वाजली. मल्हारराव सांगतात, तो आवाज भोपाळपर्यंत गेला.

दौलतसिंहानं दोर सोडला नाही. तसाच उभा राहून तो बघत होता.