बिगुलवाल्याचा घोडा

बेथनी, ते काचेचं कपाट आधी बंद कर बघू. रागावत नाही गं मी, पण त्या स्वारांच्या गस्तीला हात लावायचा नाही. आपल्या मॉडेल-क्लबात तेवढा एकच नियम आहे. का ते विचारू नका... बरं, विचारा. नाहीतरी बाहेर धुकं दाटलंय, आणि आज रात्री, हिवाळ्यासाठी दरवर्षी होतात तशी, घड्याळं तासभर मागं व्हायची आहेत, दोनाला परत एक. घाई कुणालाच नाही. चहाचं पाणी ठेवा कुणीतरी.

ही गस्त ट्रेव्हर गारसाइड आणि क्लाइव्ह सटक्लिफ या दोघांची. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर कोरडी नदी ओलांडणारे भालाईत घोडेस्वार, बोटाएवढाले. दोघांनी इथं हॅलिफॅक्समध्येच उभा जन्म काढला, सरहद्द काही बघितली नाही. पण नदीतला एकेक गोटा मात्र हातानं निवडलेला. माणसं ट्रेव्हरची, घोडे क्लाइव्हचे, अशी वाटणी. बाजारातला धातूचा स्वार आणायचा, ट्रेव्हरनं त्याचं मुंडकं करवतीनं उतरवायचं, दुसरं बसवायचं, हात वळवायचे, पुट्टीनं फेटा बांधायचा. क्लाइव्हनं खाली घोडा जिवंत करायचा.

"माणसं काय, कुणीही रंगवतं," क्लाइव्ह डिवचायचा. "घोड्याला अक्कल लागते."

"म्हणून तर तुला दिलेत. घोड्यालाच घोडा कळणार!"

क्लाइव्ह तैलरंग वापरायचा. अंगभर लावायचा आणि मग उजव्या अंगठ्यानं पुसत पुसत उजेड बाहेर काढायचा. त्या अंगठ्यावर आडवा वण होता. ट्रेव्हरच्याच टेबलावर कटर सटकलं होतं, गालिच्यावर रक्ताचा सडा. ब्रश धुतला की बाटलीच्या काठावर तीनदा आपटायचा. टिंग, टिंग, टिंग. ट्रेव्हर वैतागायचा त्या आवाजानं.

तर नऊ वर्षांपूर्वी सप्टेंबरात क्लाइव्ह गेला. बागेत पानं गोळा करता करता, उभ्याउभ्या. ट्रेव्हरनं शवपेटीला खांदा दिला, लोकांशी बोलला, सँडविच खाल्लं, घरी येऊन भांडी धुतली. डोळ्यांत टिपूस नाही.

पुढं घड्याळं मागं करायचा शनिवार आला. दुपारी ट्रेव्हर क्लाइव्हकडे खोकी आणायला गेला. क्लाइव्हच्या बायकोनं, जीनेटनं, चहा केला, पार्किनचा, म्हणजे आपल्या आल्याच्या केकचा, तुकडा पुढं ठेवला.

"रडलास का रे?" तिनं सरळच विचारलं.

"नाही."

"मीही नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल बधिर होतो ना, तसं झालंय. आहे, पण आपला नाही." मग तिनं शेवटचं खोकं त्याच्याकडे सरकवलं. "पुढच्या शनिवारी क्लबाचं प्रदर्शन आहे. त्याची गस्त पुरी कर, ट्रेव्हर. मला ती एकदा पुरी झालेली बघायचीय. बाकी काही मागत नाही मी."

"करतो की," ट्रेव्हर म्हणाला. काय कबूल केलं ते घरी येऊन खोकं उघडल्यावर कळलं.

आत एकच स्वार उरला होता. बिगुलवाला. आणि बिगुलवाल्याचा घोडा पांढरा असतो, धुळीत अधिकाऱ्याला तो पटकन सापडावा म्हणून. क्लाइव्हनं नुसता अस्तराचा हात दिलेला. आता पांढरा घोडा म्हणजे नुसता पांढरा रंग नव्हे, पोरांनो. त्यात राखाडी असतो, निळा असतो, नाकाशी गुलाबी असतो. नुसता पांढरा फासला तर न्हाणीघरातली फरशी दिसते. ट्रेव्हरला ते जमणारं नव्हतं. त्याचे रंग पाण्यातले. तैलरंगाला लागणाऱ्या टर्पेंटाइनच्या वासानं त्याचं डोकं उठायचं; क्लाइव्ह आपली बाटली येताना आणायचा नि जाताना न्यायचा, त्यामुळं घरात बाटलीसुद्धा नव्हती.

मग त्यानं काय केलं? बिगूल धरलेला हात मनगटातून कापला. भाल्याचा हात बसवला. झाला साधा भालाईत. आणि घोडा तपकिरी रंगवून टाकला. साध्या भालाइताला तपकिरी चालतो. जीनेटला काय कळणार होतं? हे सगळं करताना त्याला काही वाटलं नाही. वाईट नाही, लाज नाही. बटाटे सोलावेत तसं केलं.

घोडा बुचावर टोचून समोर ठेवला. वाळला. मोबाइलवर एक अठ्ठावन्न झाले होते. तो बसून राहिला. परत बघितलं तर एक वाजून तीन मिनिटं.

हां, घड्याळं मागं झाली, त्याच्या लक्षात आलं. झालेला तास परत सुरू झाला होता.

तेवढ्यात वास आला.

टर्पेंटाइनचा.

खिडकी बंद. दार बंद. तो हलला नाही. मागं क्लाइव्हची खुर्ची होती. महिन्याभरात तिच्यावर कुणी बसलं नव्हतं.

खुर्ची करकरली.

"क्लाइव्ह?"

...

घोडा रंगवताना क्लाइव्ह बोलायचा नाही. कधीच नाही.

ट्रेव्हरनं डोळे मिटले. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. आणि आपल्याला भीतीही वाटत नाही, याचीच त्याला मग भीती वाटली. मानेवर गार वारा आला. कुणीतरी खांद्यावरून वाकलं होतं. समोरचं बूच टेबलावरून... उचललं गेलं. तो आवाज त्याला नीट ऐकू आला. मग बराच वेळ काही नाही. नुसतं पुसल्यासारखं. हळू. थांबून. परत हळू.

आणि मग...

टिंग.

टिंग.

टिंग.

डोळे उघडले तेव्हा उजाडलं होतं. ट्रेव्हरचं डोकं टेबलावर. समोर बुचावर घोडा.

पांढरा.

पाठीवर ऊन, पोटाखाली निळसर सावली, नाकाशी गुलाबी. असा घोडा क्लाइव्हनंही आधी केला नव्हता. ट्रेव्हरनं बोट लावलं. बोटाला रंग आला. आणि घोड्याच्या मागल्या पुठ्ठ्यावर, उजेड पुसून काढलेल्या जागी, अंगठ्याचा ठसा होता. त्यातून एक बारीक आडवी रेघ गेलेली.

तेव्हा रडला ट्रेव्हर. त्या बोटाकडे बघत, लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. मग उठला, कचऱ्याचा डबा जमिनीवर उपडा केला. बटाट्याच्या सालींतून तो कापलेला हात शोधून काढला, भाल्याचा हात उतरवला, तार घालून बिगूल परत बसवला. घोडा त्याचा, माणूस आपला. वाटणी ठरलेली होती.

प्रदर्शनात जीनेट आली. घोड्याकडे खूप वेळ बघत उभी राहिली. हात मागं बांधलेले. "पुरी झाली," एवढंच म्हणाली, आणि ट्रेव्हरच्या कोटात तोंड घालून रडली. ट्रेव्हरनं तिला काही सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही लेकीकडे व्हिटबीला राहायला जायच्या आदल्या दिवशी, ही गस्त इथं ठेवताना.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा थापा मारतोय. मारत असेन. पण तैलरंग किती दिवसांत वाळतो, सांगा? आठवडा? जाड असला तर महिना धरा. या घोड्याला आज नऊ वर्षं होतायत. म्हणून म्हणतो, कपाट उघडायचं नाही.

बेथनी... तू मघाशी आत हात घातला होतास?

हात मागं लपवू नकोस, बाळा. इकडे, दिव्याखाली आण. बोट दाखव.

...

फडकं घ्या रे कुणीतरी. ओला आहे अजून.