दोन हिसके

तुम्ही आधी जेवून घ्या, राजेश्वरीताई. आमरस गार आहे तोवरच खाण्यात मजा, आणि द्वारकाबाईंच्या कुरडया तळल्या तळल्या संपतात. माझी काळजी करू नका, मी इथेच बरी आहे.

काय म्हणालात? दोर तुमच्या हातात देऊ? तुम्ही धरता आणि मी चार घास खाऊन येऊ?

नको. रागावू नका, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं मला. मागच्या उन्हाळ्यात अगदी हेच शब्द मी म्हटले होते, याच जागी उभं राहून. आता आलाच आहात तर बसा जरा. चप्पल मात्र पायातच राहू द्या, प्लॅस्टिकचा कागद तापलेला असतो. आणि तारेचं फाटक लावून घ्या. नीट लावा. तुमची लेक कुठे आहे? घरात ना? मग ठीक.

आम्हीही तुमच्यासारखेच एप्रिलात बारामतीला आलो, त्याच पिंपळीजवळच्या कॉलनीत. माझ्या नवऱ्याला, सुयोगला, एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून. मी चिपळूणची. परसात विहीर, विहिरीवर फणसाची सावली, आणि इथे बघावं तर सकाळी नऊला खिडकीतून तव्यासारखी हवा. पहिला महिनाभर मी नुसती नाक मुरडत होते. आंब्याला नावं ठेवली, भाकरीला नावं ठेवली, माणसांच्या बोलण्यालाही ठेवली. माझी लेक संस्कृती तेव्हा नऊ वर्षांची होती. कॉलनीतली पोरं "हाय" आणि "न्हाय" करायची, तर ही घरी येऊन विचारायची, आई, ही मुलं अशी का बोलतात गं? मी हसायचे. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमानच वाटायचा. पण ती कुणात मिसळेना, संध्याकाळी एकटीच गॅलरीत बसून राहायची, आणि ते बघून जीव तुटायचा.

मग सुयोगच्या कंपनीतल्या लोकांनी रविवारच्या सहली सुरू केल्या. एकदा भिगवणला मासे खायला गेलो, एकदा उजनीच्या पाण्यात नाव घेऊन पक्षी बघितले. चार कुटुंबं, दोन गाड्या, डबे, कलिंगडं आणि पत्ते. मी नाही नाही म्हणत गेले आणि रमले. त्या मे महिन्यात मी सुखी होते, राजेश्वरीताई. त्यानंतर तसा एक दिवस उगवला नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

महिन्याच्या तिसऱ्या रविवारी कंपनीतल्याच रतनभाऊंनी इथे वरकुट्याला, त्यांच्या शेतावर बोलावलं. निमगाव केतकी सोडल्यावर मला वाटेत नुसती धूळच दिसत होती. मग हे घर आलं, हा कडुनिंब, ही डाळिंबाची बाग, आणि बागेच्या डोक्यावर हे शेततळं. मी कोकणातली, पाण्यात वाढलेली. हे बघून मला हसूच आलं. म्हटलं, केवढं मोठं टाकं हे. रतनभाऊ हसले नाहीत. म्हणाले, पोरांना तारेच्या आत येऊ देऊ नका. चारी बाजूंनी उतार, त्यावर काळा कागद, आणि पाण्याखाली कागदावर शेवाळ. माणूस आत पडलं की हाताला काही लागत नाही. पोहणारा पोहून पोहून दमतो आणि काठ हातभर लांब असतो. मी मान हलवली. मनात म्हटलं, माझ्या लेकीला पोहायला मी शिकवलंय.

आणि शिकवलंच होतं. सहा वर्षांची असताना, चिपळूणच्या विहिरीत, कमरेला दोर बांधून. पाण्याखालून ओरडता येत नाही, म्हणून आमची खूण ठरलेली होती. दोराला एक हिसका दिला की दोर सैल सोडायचा. दोन हिसके दिले की आईने वर ओढायचं. ती मुद्दाम बुडी मारायची आणि तळातून दोन हिसके द्यायची. मी ओढून घेतलं की खिदळायची.

तर त्या दुपारी, आत्ता मी बसले आहे ना, तिथे द्वारकाबाई बसल्या होत्या. रतनभाऊंच्या थोरल्या वहिनी. हातात हाच दोर, दुसरं टोक पाण्यात. पाण्यात कुणी नव्हतं. मी विचारलं, तेव्हा रतनभाऊंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. द्वारकाबाईंची लेक मोना, दहा वर्षांची. उन्हाळ्यात आई दोर धरून बसायची आणि पोरगी या पाण्यात डुंबायची. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी घरातून जेवायची हाक आली. द्वारकाबाईंनी दोर कुंपणाच्या या लोखंडी अँगलला बांधला आणि दोन घास खाऊन येते म्हणून गेल्या. गाठ सुटली. तासाभरात पोरीला बाहेर काढलं, पण उपयोग नव्हता. सगळं रीतसर झालं, दहन झालं, दहावं झालं. पण तेव्हापासून रोज दुपारी ही बाई इथे येऊन बसते. दोर हातातच धरते, कशालाही बांधत नाही. सगळ्यांचं जेवण होतं, हिचं होत नाही.

मी आई आहे. घरात पंगत बसली तरी मला जेववेना. उठले आणि इथे आले. संस्कृती माझ्या मागे मागे आली. मी म्हटलं, बाई, उठा, जेवून घ्या, मी धरते दोर.

त्यांनी आधी माझे हात बघितले.

"धरताल का?" त्या म्हणाल्या. "सोडू नगा. आन् बांधू तर आजिबात नगा."

मी हो म्हटलं. वेड्या आईचं मन राखायला माणूस जसं म्हणतं तसं. त्यांनी दोर माझ्या हातात दिला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि घराकडे निघाल्या.

दोराला ओझं होतं.

पाण्यात नुसता सोडलेला दोर हाताला कसा लागतो, ते मला ठाऊक आहे. हा तसा नव्हता. भरलेल्या कळशीएवढं काहीतरी खाली होतं, आणि ते स्थिर नव्हतं. मी मनाची समजूत घातली, पंपाच्या पाइपात अडकला असेल. वारा पडला होता. कडुनिंबावर होला घुमत होता, तो गप्प झाला. तापलेल्या कागदाचा आणि शिळ्या शेवाळाचा वास नाकात बसला, अजून गेलेला नाही. फाटक मी उघडंच ठेवलं होतं... ती चूक माझीच.

"आई," संस्कृती काठावर उकिडवी बसत म्हणाली, "तुझा दोर हलतोय."

"मागे हो," मी म्हटलं.

ती बघायला दोन पावलं उतारावर उतरली. ओरडलीसुद्धा नाही. कागदावरून घसरत गेली आणि पाण्यात शिरली. एक चप्पल तेवढी वर राहिली.

पहिल्यांदा मी घाबरले नाही, आणि तीही घाबरली नाही. चार हात मारून उताराशी आली, तळवे टेकवले, आणि तळवे सुळकन मागे गेले. पुन्हा आली. पुन्हा. तिसऱ्यांदा तिच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली, आणि मी ओरडले, दोर धर. तिने दोर धरला आणि मला दोन हिसके दिले.

मी ओढलं. सगळा जीव लावून ओढलं. दोर तसूभर वर येईना. नऊ वर्षांच्या पोरीचं वजन मला ठाऊक आहे, हे तिच्या दुप्पट होतं. मी हाका मारल्या. घरात पोरांचा कालवा, मिक्सर चालू, कुणाला काही ऐकू गेलं नाही. दोर अँगलला बांधून घराकडे पळावं असं मनात आलं, आणि मोना आठवली. मी पालथी पडले, पाय अँगलमध्ये अडकवले, कमरेपर्यंत उतारावर गेले. संस्कृतीची हनुवटी पाण्यात गेली. मग ओठ. तिचे डोळे माझ्यावर होते, आणि ती खाली जात होती... कुणीतरी तिच्याखाली त्याच दोराला धरून होतं. वर यायचं होतं त्यालाही. तेव्हा कळलं मला. एका दोराला दोघी होत्या.

मी काय म्हणाले ते मला शब्दन्शब्द आठवतं. रोज आठवतं. "पोरींनो... एकीनं तरी सोडा गं."

नाव नाही घेतलं मी. माझ्या लेकीला धरून राहा म्हणाले असते, मोना तू सोड म्हणाले असते. सुचलं नाही.

संस्कृतीचं डोकं पूर्ण पाण्याखाली गेलं. आणि दोर हलका झाला, इतका एकदम की मी मागे पडले. मग मी ओढत गेले, आणि कागदावरून पालथी, केसांनी तोंड झाकलेली पोरगी वर आली. एकीने सोडला होता.

मी तिला कवटाळलं. ती श्वास घेत होती, मला आणखी काही नको होतं. मान वर केली तर द्वारकाबाई समोर उभ्या, बोटांना रस तसाच. दोराकडे त्यांनी बघितलंही नाही. खाली बसल्या, पोरीच्या तोंडावरचे केस बाजूला केले. चेहरा संस्कृतीचाच होता.

"जेवलीस का गं?"

"न्हाय आजून," माझी लेक म्हणाली.

"चल मग," त्या म्हणाल्या, आणि ती त्यांचं बोट धरून गेली. मी इथे बसून आनंदाने रडत होते, राजेश्वरीताई. आनंदाने.

घरी आल्यावर ती आठ दिवसांत रुळली. कॉलनीभर पोरांत खेळायला लागली, त्यांच्यासारखी बोलायला लागली, भाकरी मागून घ्यायला लागली. सगळे म्हणाले, छान रमली हो तुमची मुलगी. सुयोग तर पेढे वाटायचा बाकी होता. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले. आजोळची नावं विचारली तर सांगते, कधी चुकते, पण पोरं चुकतातच. मग एका संध्याकाळी मी माझी ओढणी घेतली. एक टोक तिच्या हातात दिलं, एक माझ्या हातात ठेवलं. विचारलं, पाण्याखाली असलीस आणि आईने वर ओढायला हवं असेल, तर काय करायचं?

तिने ओढणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"वरडायचं की," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी मी इथे आले. दोर मी टाकला होता तिथेच पडला होता, टोक पाण्यात. द्वारकाबाई त्या दिवसानंतर तळ्याकडे फिरकलेल्या नाहीत. बघा ना, कशा हसतमुखाने वाढत असतात. मी दोर उचलला, हलका होता. थोडा वेळ तसाच होता. मग खालून ओझं आलं, आणि मला दोन हिसके बसले.

वर्ष झालं. दर रविवारी ओढते. तळहात बघा माझे. वर काही येत नाही. सुयोगला वाटतं मला ही जागा आवडते. रतनभाऊ माझ्याकडे बघतात कसे, ते कळतं मला. डाळिंबाला पाणी देतात तसं तळं खाली खाली जातं, दोर पुरत नाही, मग मी पालथी पडते. गाठ मारून दोर वाढवणार नाही. कधीच नाही.

आणि घरी ती असते. रात्री माझ्या कुशीत झोपते, मला आई म्हणते, ताप आला तर मलाच हाक मारते. तिचे केस मी विंचरते. तिचा काय दोष हो? तिलाही वरच यायचं होतं. पण एकीला वर घ्यायचं तर दुसरीनं सोडायला हवं, हे मी एकदा बघितलंय. मग मी कुणाला सांगू, तू सोड म्हणून? वर्षभर माझ्या तोंडून ते वाक्य निघत नाही. निघत नाही म्हणून ही इथे खाली आहे, आणि दोर धरून आहे, आणि वाट बघते आहे...

थांबा. ती बघा आली, कडुनिंबाखालून. पिवळा फ्रॉक. गोड आहे की नाही?

"आई, ये की जेवाया. कवाची वाट बघतीया."

आले हं बाळा, तू हो पुढे. फाटकाच्या आत येऊ नकोस.

राजेश्वरीताई, तुमचा हात द्या. इथे, दोरावर ठेवा. धरू नका, नुसता ठेवा. ती वरून हाक मारते ना, तेव्हा दर वेळी... थांबा जरा.

हा एक. लागला ना?

आणि हा दुसरा.